पिवळी विहीर आणि काळा चिखल

मी अकोल्यात सत्तावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते आहे. एवढ्या काळात माझ्या हातून जे एक उपयोगाचं काम झालं, त्याला अंडी सडल्यासारखा वास येतो. बाकीच्या कामांना वास नाही. ती फायलींत आहेत.

आमचं महाविद्यालय बार्शीटाकळीच्या रस्त्याला आहे आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून ताईंचं वावर. ताई माझ्या नात्यातल्या नव्हेत. भिंतीवरून बोलता बोलता मी त्यांना ताई म्हणायला लागले आणि त्या मला म्याडम. पालक, मेथी, सांबार पिकवायचं आणि सकाळी जुन्या शहरातल्या बाजारात नेऊन विकायचं, हे त्यांच्या घरी सासूच्या सासूपासून चालत आलेलं. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याहून बदलून आलेल्या माणसाला हे एकदा सांगावं लागतं.) मी वर्गात फळ्यावर पान काढत असे आणि खिडकीतून ताई खऱ्या पानांना पाणी देताना दिसत. मुलांचं लक्ष तिकडेच असायचं. त्यात मला मुलांची चूक कधी वाटली नाही.

वावराच्या दुसऱ्या अंगाला टिनाची एक शेड होती. तिथे लोखंडी वस्तूंवर निकेल आणि क्रोमचा चकचकीत मुलामा चढवून देत, आणि धुतलेलं पाणी मागच्या खड्ड्यात सोडत. खड्ड्याचा तळ आपल्या काळ्या मातीचा. पावसाळ्यात ती माती थेंबही खाली जाऊ देत नाही, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून काय काय खाली गेलं ते एका वैशाखात कळलं. ताईंनी भिंतीवरून विहिरीच्या पाण्याची एक बाटली माझ्या हातात दिली.

"पाहा बरं म्याडम. हळद टाकल्यावानी दिसून राहिलं."

ते पाणी आणि त्याच पाण्यावरच्या पालकाची एक जुडी मी अमरावतीच्या प्रयोगशाळेत दिली. पाण्यात क्रोमियम आणि निकेल होतं, आणि पानांतही होतं. पुढे तक्रारी होऊन शेड बंद पडली. मालक सामान घेऊन दुसरीकडे गेला, पाणी मात्र ठेवून गेला.

अहवाल आला त्या दिवशी ताईंना कसं सांगायचं याची मी बरीच तयारी केली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"लेकरानं खाल्लं तं?"

"चांगलं नाही, ताई. एका दिवसात काही होत नाही, पण रोज खाल्लं तर नाही चांगलं."

त्या संध्याकाळी त्यांनी पालकाचे सगळे वाफे उपटले. कोणी नोटीस दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाजार होता, भाजी हिरवीगार होती आणि ती नेली असती तर कोणाला काही कळलं नसतं. मी भिंतीशी उभी होते. सचोटी, नीतिमत्ता वगैरे विषयांवर मी अनेक चर्चासत्रांना हजर राहिले आहे. त्यांत चहा चांगला असतो. पण त्या विषयावरचं माझं खरं शिक्षण त्या संध्याकाळी झालं.

त्यानंतर दोन वर्षं ताई बाजारात बसल्या, पण हर्रासीत, म्हणजे लिलावात, घेतलेली दुसऱ्यांची भाजी घेऊन. वावर पावसावर सोयाबीन देत होतं, तेही जेमतेम. शहर त्या रस्त्याने सरकत येत होतं आणि आजूबाजूच्या वावरांत प्लॉटचे दगड रोवले जात होते. ताईंच्या दिराने त्यांच्या यजमानांना समजावलं की विहीर मेली, आता वावर ठेवून काय पूजा करायची. यजमानांनाही ते पटत चाललं होतं. शेवटी घरात ठरलं की येत्या होळीपर्यंत विहिरीचं पाणी भाजीला चाललं तर ठीक, नाही तर वावर प्लॉटवाल्याला द्यायचं. ताईंनी हे मला अगदी सहज सांगितलं, मेथीचं बी कुठून आणलं ते सांगावं तसं. पण त्या दिवशी त्या भिंतीशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या होत्या.

काही पाणवनस्पती आणि काही जिवाणू पाण्यातले धातू धरून ठेवतात, हे मी दरवर्षी शिकवत होते. परीक्षेत त्यावर टीप लिहा असा प्रश्न येतो. टीप लिहिण्यापलीकडे त्याचं काही करता येईल असं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, याची आता लाज वाटते. मी वाचन केलं, माझ्या जुन्या शिक्षकांना भेटले, आणि प्राचार्यांकडून जुन्या विटा आणि परवानगी मिळवली. उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी ताईंच्या वावरात, विहिरीचं पाणी एकातून पुढच्यात जाईल असे, तीन हौद बांधले.

पहिला हौद खोल आणि झाकलेला. त्यात शेण, तुरीचं कुटार म्हणजे भुसा, आणि नाल्याच्या तळाचा काळा चिखल. त्या चिखलात हवेवाचून जगणारे जिवाणू असतात. ते विषारी पिवळ्या क्रोमियमचं रूप बदलून त्याला गाळात बसवतात आणि निकेललाही काळ्या गाळात बांधून टाकतात. हे करताना त्यांचा वास सुटतो, तो मी सुरुवातीलाच सांगितला. दुसऱ्या हौदात गिट्टी आणि तिच्यात लावलेलं पाणकणीस. तिसऱ्या उघड्या हौदात जलकुंभी. ही जलकुंभी काढून टाकण्यासाठी गाव मोर्णा नदीत उतरतं. मी ती नदीवर मागायला गेले तेव्हा तिथल्या माणसाने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "किती ट्रक देऊ, बाई?" असं त्याने विचारलं. मला दोन टोपल्या हव्या होत्या.

जिवाणू म्हणजे काय हे मी ताईंना सांगायला बसले. पाचेक मिनिटं त्यांनी ऐकलं.

"म्हंजे ढोरं पाळल्यावानीच झालं," त्या म्हणाल्या. "खायाले घाला, राखण करा."

"ढोरं दिसतात तरी. हे दिसत नाहीत."

"वास येते न. वासावरून समजते, गोठा चांगला चालून राहिला का नाई."

माझ्या वर्गातल्या दोन तासांच्या व्याख्यानाचा तो नीटस सारांश होता.

एकाच गोष्टीवरून आमचं वाजलं. जलकुंभी वाढली की काढायची आणि सिमेंटच्या ओट्यावर वाळवून बंद खोलीत ठेवायची, कारण धातू आता तिच्यात असतो. ताईंकडे तीन बकऱ्या होत्या. हिरवं काही वाया घालवायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा येई. "एवढा हिरवा चारा, अन् कुलपात?" त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खोलीची किल्ली त्यांच्या पदराच्या गाठीला दिसली.

दसऱ्याच्या सुमारास तिसऱ्या हौदातून निघणारं पाणी स्वच्छ दिसायला लागलं. अमरावतीचा अहवाल आला. पाणी भाजीला चालण्यासारखं होतं. आता थोडे दिवस ते तसंच टिकतं का ते पाहायचं आणि मग पालक पेरायचा, असं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे ताई आणि मी. पण बातमी तोवर वर्तमानपत्रात पोचली होती. मथळ्यात 'चमत्कार' हा शब्द होता आणि फोटोत जलकुंभीच्या जांभळ्या फुलाशेजारी मी. खरं काम चिखलातल्या जिवाणूंचं, पण चिखलाचा फोटो कोण छापणार?

मग प्राचार्यांना वाटलं की प्रकल्पाचं उद्घाटन व्हायला हवं. प्रकल्प सहा महिने चालू होता, पण हे कारण उद्घाटन थांबवण्याइतकं मोठं कधीच नसतं. दिवाळीनंतरची तारीख ठरली. एक बडे पाहुणे येणार होते. स्वागत समिती, मंच समिती, अल्पोपहार समिती झाली आणि परिपत्रकं सुटली. मी स्वागत समितीची अध्यक्ष होते. एका दुपारी तासावरून तासावर जाताना व्हरांड्यात उभ्या उभ्या मी चार-पाच परिपत्रकांवर सह्या केल्या.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी ताई बाजारातून परतल्या आणि भिंतीशी आल्या. मी जवळ गेले.

"म्याडम, वास कुठी गेला?"

आधी मला कळलंच नाही. मग मी नाक वर केलं. फिनाइलचा वास येत होता. दवाखान्यासारखा, लग्नकार्यालयातल्या मोरीसारखा. आम्ही हौदाशी गेलो. पहिल्या हौदाचं झाकण धुतलेलं होतं. आत ब्लीचिंग पावडरचा पांढरा थर तरंगत होता. गिट्टी घासून लख्ख केलेली, पाणकणसाच्या मुळांवरचा बुळबुळीत थर खरवडून काढलेला. वावराच्या वाटेला दोन्ही बाजूंनी चुन्याच्या सरळ रेघा मारल्या होत्या.

रेघा पाहिल्यावर हे कोणाचं काम ते विचारायची गरज उरली नाही. आमच्या प्रयोगशाळेतले परिचर, सगळ्यांचे मामा. तीस वर्षं महाविद्यालयात कोणीही पाहुणा आला की आदल्या दिवशी फिनाइल आणि चुना मामांकडे. त्यांच्यासारखी सरळ रेघ जिल्ह्यात कोणी मारत नाही आणि त्यांना ते माहीत आहे. मी गेले तेव्हा ते हात धूत होते आणि खुशीत होते.

"मामा, हौदात काय टाकलं?"

"सगळं टाकलं. चार बाटल्या फिनाइल, एक पोतं पावडर. बाप्पा, कसा वास होता तो. साहेब येतीन अन् नाकाले रुमाल लावतीन, तं इज्जत कोनाची जाईन?"

"मामा, तो वास म्हणजेच ते काम होतं. त्यातले जिवाणू मेले सगळे."

मामांचा चेहरा उतरला. मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला.

"मले काय मालूम? याच्यात लिहून हाये न. परिसर स्वच्छ, दुर्गंधीमुक्त अन् निर्जंतुक करावा. सही तुमचीच हाये."

सही माझीच होती. सुवाच्य होती. वर्षानुवर्षं जिवाणू शिकवणाऱ्या बाईने जिवाणू मारण्याचा हुकूम काढला होता, आणि तोही न वाचता. समारंभांच्या मूर्खपणावर मी आयुष्यभर टीका करत आले. त्या मूर्खपणाला सही लागते आणि ती मीच पुरवते, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

उद्घाटन झालं. पाहुण्यांनी फीत कापली, हौदाकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "किती स्वच्छ. आणि कसलाही वास नाही." टाळ्या वाजल्या. माझे हातही आपोआप वाजले, हे लिहून ठेवलेलं बरं. ताई मंचाच्या मागे उभ्या होत्या. त्यांचा सत्कार कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. जमीन त्यांची असल्याचं कोणाच्या लक्षात आलं नसावं.

चौथ्या दिवशी तिसऱ्या हौदातून पिवळं पाणी यायला लागलं. ब्लीचिंगने गाळात बसलेलं क्रोमियमही पुन्हा उठवलं होतं. जलकुंभीची पानं कडेने करपली. ताईंचे यजमान येऊन पाहून गेले. ते शांत गृहस्थ आहेत. "झालं तं मंग," एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात प्लॉटवाला दोनदा येऊन गेला.

मी ताईंसमोर कबुली दिली. परिपत्रक, सही, सगळं. नवा चिखल आणून तो या पाण्याला सरावायला पुन्हा पाच-सहा महिने लागतील, थंडीत आणखी जास्त, आणि होळी तोवर निघून जाईल, हेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुमी शिकल्या-सवरल्या, म्याडम, पण बी नाई ठेवत का कायचंच?"

त्या मला गोठ्यात घेऊन गेल्या. कोपऱ्यात कडब्याखाली दोन माठ होते, तोंडाला फडकं बांधून वर शेण लिंपलेलं. त्यांनी एकाचं शेण फोडलं. अंडी सडल्यासारखा तो दरवळ आला आणि मला रडू आलं. त्या घाण वासाने रडणारी मी बहुधा पहिलीच बाई असेन.

दसऱ्याला हौद चांगला लागल्याबरोबर त्यांनी त्यातला काळा चिखल काढून ठेवला होता. मला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. वाफ्यातली चांगली झाडं बियाण्यासाठी सोडायची आणि मगच बाकीची खुडायची, ही त्यांच्या घरची रीत. दर पंधरा दिवसांनी त्या माठात थोडं कुटार, गूळपाणी आणि विहिरीचं पिवळं पाणी घालत होत्या. "ज्या पान्यावर राहाचं हाये, त्याच पान्यावर ठेवा लागते न," त्या म्हणाल्या. हेच वाक्य मी एका शोधनिबंधात वाचलं होतं, तिथे त्याला दीड पान लागलं होतं.

आम्ही हौद उपसले, धुतले, पुन्हा भरले. या वेळी मुलं होतीच, शिवाय मामा होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते गुडघाभर चिखलात उतरले आणि वर बघून म्हणाले, "वास येऊन राहिला म्याडम. चांगला येऊन राहिला." थंडी वाढली तसा ताईंनी हौदाच्या झाकणावर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, आणि कुटाराचा जाड थर रचला. गोठ्यात ढोरांसाठी रचतात तसा. मामांनी एका पत्र्यावर चुन्याने पाटी लिहून भिंतीशी टांगली: 'येथे वास येईल. काही टाकू नये.' अक्षर त्यांच्या रेघांसारखंच सरळ होतं. पुढे एका अधिकाऱ्याने येऊन वासाबद्दल विचारलं तेव्हा मामांनी त्याला पाटी वाचायला लावली. मोठ्याने.

संक्रांतीला पाणी निवळलं. पेरायचं की अहवालाची वाट पाहायची, यावर मी घुटमळत होते. ताईंनी तोवर वाफे ओढून पालक टाकला होता. "पानी सुधरलं का नाई, ते पालकच सांगीन," त्या म्हणाल्या. महिनाभराने पानं कापण्याजोगी झाली. होळीला दहा-बारा दिवस उरले होते.

पालकाच्या चार जुड्या बर्फाच्या डब्यात घालून मी अमरावतीची बस पकडली. मूर्तिजापूरला गर्दी कमी झाली तेव्हा कंडक्टरने डब्यात डोकावून पाहिलं.

"म्याडम, पालक अमरावतीले नेऊन राहिल्या? तिथी नाई भेटत का?"

"असा नाही भेटत," मी म्हणाले. सत्तावीस वर्षांत मी इतकं बढाईखोर वाक्य उच्चारलं नव्हतं. कंडक्टरने मान हलवली आणि पुढच्या सीटवरच्या बाईला सांगितलं की मास्तरीण दिसते.

सहा दिवसांनी फोन आला. पानांत धातू होते ते कोणत्याही चांगल्या पालकात असतात तेवढेच. प्रयोगशाळेतल्या मुलीने आकडे सांगितले, मी ते लिहून घेतले आणि तिला पुन्हा सांगायला लावले. मग भिंतीशी गेले. ताईंचे यजमान पंपापाशी होते. त्यांना मी कागद वाचून दाखवला. ते विहिरीकडे बघत म्हणाले, "त्या प्लॉटवाल्याले फोन करा लागीन." मग खिशातून फोन काढून तिथेच केला. फार छोटा फोन होता.

या सगळ्याचा मला अभिमान आहे. हा शब्द मी जपून वापरते, कारण आमच्या संस्थेच्या अहवालात तो प्रत्येक पानावर असतो. अभिमान हौदांचा कमी. तसे हौद देशात इतरत्रही आहेत, आमच्याहून मोठे आणि चांगले. अभिमान आहे तो एका बाईचा, जिने कोणी न सांगता चांगली भाजी उपटली आणि कोणी न सांगता चिखलाचं बी राखलं. मामांचाही आहे. आणि माझ्या मुलांचा, जी टीप लिहून पास झाली असती पण एक उन्हाळा आणि एक हिवाळा चिखलात राबली. स्वतःचा थोडासा आहे. ती सही त्यातून वजा करून जेवढा उरतो तेवढा.

पहिली भाजी बाजारात गेली त्या सकाळी मी जुन्या शहरात गेले. मला वाटलं होतं, काहीतरी घडेल. ताई नेहमीच्या जागी बसल्या होत्या, पुढ्यात ओल्या गोणपाटावर पालक. एक बाई आली. तिने एक जुडी उचलली, उलटी करून देठं पाहिली, दुसरी उचलली.

"कशी दिली?"

ताईंनी भाव सांगितला.

"महाग लावून राहिली वं. पुढं सस्ती भेटते."

"मंग पुढं जा न, माय. कोन धरून ठेवलं?"

ती बाई पुढे गेली नाही. कुरकुर करत तिने दोन जुड्या पिशवीत टाकल्या आणि वर सांबाराची एक काडी मागितली. ताईंनी ती दिली. पाणी कुठलं, वावर कोणाचं, कोणी काही विचारलं नाही. ती पालकाची जुडी होती, बाकी काही नाही. ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण पुढचं गिऱ्हाईक उभं होतं. तिथे उभी राहून मी त्यांच्या धंद्याची जागा अडवत होते, म्हणून बाजूला झाले.